पांढऱ्या दोऱ्याची फुलं

राजाजीनगर, बंगळूर
१२ जानेवारी १९५८

अक्का,

तुझा पत्ता मी चोरला आहे, हे आधीच सांगून टाकते. चिकपेटेत सकवारबाई भेटल्या, तुझ्या जयसिंगरावांच्या मावशी. त्यांच्या हातात तुझं पाकीट होतं. त्या बांगड्या बघायला वळल्या तेवढ्यात मी मागचा नागपूरचा पत्ता वाचला आणि घरी पोचेपर्यंत तो पुटपुटत राहिले. बसमधल्या बाईला वाटलं असेल, पोरगी स्तोत्र म्हणते आहे.

येत्या मे महिन्यात चार वर्षं होतील तुला जाऊन. ब्राह्मणाच्या मुलीनं मराठ्याशी लग्न केलं म्हणून अण्णांनी तुझं नाव टाकलं, ते टाकलंच. जयसिंगरावांचं ते पत्र त्यांच्या हाती कसं लागलं, कोण जाणे. ते लागलं नसतं तर त्यांनी आठ दिवसांत तुझ्यासाठी मुलगा उभा केला नसता आणि तुला असं अंगावरच्या साडीनिशी जावं लागलं नसतं. असो. जुनं घर विकून आम्ही इकडे राजाजीनगरात आलो. नवी वस्ती, झाडं नाहीत, कारखान्याचा भोंगा वाजला की अण्णा घड्याळ लावतात. शाळेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना हेडमास्तरकी करायला मी एकटीच उरले आहे.

एकटीच कशाला, ते आणि बिंदुमाधवराव सर मिळून करतात. मी पीएच.डी. करते आहे, वनस्पतिशास्त्रात. सर माझे मार्गदर्शक. अण्णांचे वर्गमित्र, म्हणून तर अण्णांनी हो म्हटलं. माणूस देव आहे, असं सगळे सांगतात आणि ते खरंही असेल. पण अक्का, देव निदान देव्हाऱ्यात बसून राहतो! सकाळी विभागात पाऊल टाकलं की, "एन क्षमा, तिंडी झाली?" काय खाल्लं, किती इडल्या, चटणी होती का. माझ्या पेन्सिलींना टोकं ते करून ठेवतात. मी लिहिलेल्या पानावर हिरव्या शाईनं इतकं लिहितात की माझी निळी शाई शोधावी लागते. बागेत पिवळी साडी नेसू नको, मधमाशा येतात. उन्हात छत्री घे. मला घरी निघायला दहा मिनिटं उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी अण्णांना त्याचं कारण माझ्या आधी ठाऊक असतं. रविवारी दोघं कॉफी पीत बसतात आणि माझ्याबद्दल बोलतात, आणि मी तिथेच कप उचलत असते.

गेल्या महिन्यात मला दहा मिनिटं व्याख्यान द्यायचं होतं. ते त्यांनीच लिहिलं. मी बोलत होते आणि पहिल्या रांगेत त्यांचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. टाळ्या पडल्यावर मला वाटलं, आता उठून यांनीच नमस्कार करावा.

हसतेस ना? हस. संक्रांतीचा तीळगूळ, इकडचं एळ्ळु-बेल्ल, पाठवते आहे, वाटेत चुरा होईल. सोबत तिकीट लावलेलं पाकीटही आहे, विभागाचा पत्ता घातलेलं. घरी लिहू नको.

तुझी
क्षमा


२ मार्च १९५८

अक्का,

चार दिवस तापानं पडून होते, आज उठून बसले आहे. नुसतं बसवत नाही म्हणून लिहिते आहे.

माझं काम तुला सांगितलंच नाही. देवनहळ्ळीचं चकोत तुला आठवतं ना, आपण पपनस म्हणायचो ते, सोलायला तुझी नखं लागायची. मला एवढंच शोधायचं आहे की त्या झाडाला पराग न लागता फळ धरतं का. धरलं तर ते बिनबियांचं असणार, आणि बिनबियांचं चकोत म्हणजे सगळ्या बागवाल्यांना हवंच आहे. कळी उमलायच्या आधी आतले पुंकेसर चिमट्यानं काढून टाकायचे आणि कागदी पिशवी बांधायची. काही फुलांना नंतर पिशवी उघडून दुसऱ्या झाडाचा पराग ब्रशनं लावायचा. बाकीच्यांना हात लावायचा नाही. कुठलं फूल कुठल्या गटातलं ते देठावरच्या दोऱ्यावरून कळतं. सरांची तीस वर्षांची पद्धत अशी की पांढरा दोरा म्हणजे पराग लाव, तांबडा म्हणजे हात लावू नको.

मी यंदा ते उलटं केलं. तांबड्याला पराग, पांढऱ्याला नाही. का, ते तुलाच सांगते. देवनहळ्ळीच्या त्या बागेत माझं म्हणून काही नव्हतं गं. झाड त्यांनी निवडलेलं, फांद्या त्यांनी मोजलेल्या, चिमटासुद्धा त्यांचा. निदान दोरा तरी माझ्या मनासारखा! माझ्या वहीत लिहून ठेवलं आणि वही घरी आणली. त्यांना सांगितलं नाही. आणि एक दिवस धीर करून तोंडावर म्हटलं, "सर, हा बहर मी एकटी बघते. तुम्ही बागेत येऊ नका." त्यांनी चष्मा काढून पुसला. मग "सरी, सरी" म्हणत कबूल झाले.

मंगळवारी मी तांबड्या दोऱ्याच्या चाळीस फुलांना पराग लावला आणि बुधवारी तापानं आडवी झाले. काही बिघडलं नाही. पांढऱ्यांना काही करायचंच नव्हतं, ती आपली पिशव्यांत बसली असतील.

सर रोज खबर घ्यायला येत होते, फक्त गुरुवारी आले नाहीत. अण्णांना चुकल्यासारखं झालं.

तू लिहिलं नाहीस. पाकीट हरवलं असेल म्हणून दुसरं घालते आहे.

क्षमा


२७ एप्रिल १९५८

अक्का, अक्का, अक्का,

पांढरी फुलं धरली! चाळिसातली एकोणतीस! पराग न लावता! लिंबाएवढी हिरवी फळं पिशवीत अंग चोरून बसली आहेत. मी बागेतच ओरडले. राखणदार मुनियप्पाला वाटलं साप निघाला, तो काठी घेऊन धावत आला.

सरांकडे वही घेऊन पळत गेले. दोऱ्यांचं उलटं केलं होतं तेही तेव्हाच सांगितलं. त्यांनी वही बघितली. मग माझ्याकडे बघितलं. पुन्हा वही बघितली. मला वाटलं दोऱ्यांवरून रागावणार. ते म्हणाले, "स्वल्प थांब, क्षमा. फळं पिकू दे. कापल्याशिवाय कोणाला सांगू नको." एवढंच. ज्या माणसानं माझ्या इडल्या मोजल्या त्याला माझी एकोणतीस फळं मोजावीशी वाटेनात.

मी सांगू का? त्यांना खुपलं. त्यांच्याशिवाय झालं ना.

अण्णांना मात्र मी घरात शिरताक्षणी सांगितलं. ते तुझ्या फोटोच्या जागेकडे बघत बसले. फोटो नाही, खिळा आहे. नव्या घरात त्यांनी तो खिळा का मारला, मी विचारलं नाही.

टपाल विभागात आलं की आधी सरांच्या टेबलावर जातं आणि तिथून ते स्वतः माझ्याकडे आणतात. काल म्हणाले, "नागपूरहून आजही काही नाही गं." मी त्यांना नागपूरचं कधीच सांगितलेलं नाही! पाकीट टाकताना बघितलं असणार. या माणसापासून काय लपवायचं आणि कुठे?

तरी त्याच पत्त्यावर लिही. दुसरा पत्ता माझ्याकडे नाही.

क्षमा


६ जुलै १९५८

अक्का,

मी टिपण पाठवून दिलं. दिल्लीच्या नियतकालिकाला, माझ्या एकटीच्या नावानं, सरांना न विचारता. देवनहळ्ळीच्या चकोताला परागाविना फळ धरतं, अशी दोन पानं, एकही हिरवं अक्षर नसलेली.

किती दिवस थांबायचं? रोज विचारलं की रोज तेच, "स्वल्प थांब." ही फळं पिकेपर्यंत माझे केस पिकतील. म्हैसूरच्या एका कॉलेजात जागा निघाली आहे. जानेवारीत प्रबंध दिला तर ती मला मिळेल, तिथल्या प्राचार्यांनी तसं कळवलं आहे. म्हैसूर, अक्का! वेगळी खोली! कोणी न विचारता खायचं, कोणी न विचारता उपाशी राहायचं!

रात्री झोप लागत नाही, दिवसा एका जागी बसवत नाही. उठते, खिडकीशी जाते, परत येते. सर विचारतात, "काय होतंय?" आणि खरं सांगू, त्यांचीच तब्येत बरी दिसत नाही. हिरव्या शाईची बाटली गेले दोन महिने उघडलेली नाही. एकदा म्हणाले, "मला तुझ्याशी थोडं बोलायचं होतं." मी म्हटलं, "सर, मला बस पकडायची आहे." बस नव्हती. मीच पळाले.

टिपण पाठवल्याचं संध्याकाळी त्यांना सांगितलं. ते खाली बसले. खुर्ची मागे होती म्हणून बरं.

पाकीट ठेवते आहे.

क्षमा


पोस्टकार्ड
२१ सप्टेंबर १९५८

अक्का, सगळं ठीक आहे. गणपती झाले. फळं उतरवली. लिहिण्यासारखं विशेष काही नाही. अण्णा बरे आहेत. क्षमा.


२६ ऑक्टोबर १९५८

अक्का,

ते कार्ड खोटं होतं. काहीही ठीक नव्हतं. आज सगळं लिहिते, मग तू वाच की फाड.

कार्डाच्या आधीच्या रविवारी अण्णांनी सरांना घरी बोलावलं. पहिलं फळ देवापुढे ठेवलेलं, शेजारच्यांनाही बोलावणार होते, मीच नको म्हटलं. मी विळी घेऊन बसले. सर समोर पाटावर. त्यांनी कॉफीला हात लावला नाही. मी फळ उभं चिरलं आणि बिया खाली पडल्या. चांगल्या भरलेल्या, टपोऱ्या. एका फोडीत सहा, दुसरीत आठ. मी चिरत गेले आणि त्या पडत गेल्या. पराग लागल्याशिवाय तशी बी होत नाही, हे मला आणि सरांना ठाऊक. अण्णा खूश होऊन म्हणाले, "वा, काय बिया आहेत! परसात लावू." त्यांना बिचाऱ्यांना बिनबियांचं काय, बियांचं काय.

मी सरांकडे बघितलं. ते फळाकडे बघतच नव्हते. माझ्या हाताकडे बघत होते, विळीनं कापेल म्हणून.

पायरीवर त्यांनी सांगितलं. फेब्रुवारीतल्या त्या गुरुवारी ते बागेत गेले होते. मी तापात, बहर चाललेला, पोरीचं वर्ष फुकट जाईल म्हणून. मी येऊ नका म्हटलं होतं म्हणून कोणाला न सांगता गेले. पांढऱ्या दोऱ्याची फुलं तशीच राहिलेली दिसली, आणि तीस वर्षांच्या सवयीनं त्यांनी एकेक पिशवी उघडून शेजारच्या झाडाचा पराग लावला, परत तशीच गाठ मारली. चाळीस. भर उन्हात, त्या वयात. मी एप्रिलमध्ये वही घेऊन नाचत गेले तेव्हा त्यांना कळलं, आपण काय करून बसलो ते.

"मग तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तू किती आनंदात होतीस," ते म्हणाले. "मला सांगवेना. वाटलं, फळं कापेपर्यंत काही सुचेल. तुझ्या भल्यासाठीच केलं गं, क्षमा."

मी त्यांना काय काय बोलले ते लिहीत नाही. गल्लीत ऐकू गेलं. ते ऐकत उभे राहिले, आणि शेवटी काय म्हणाले असतील? "दिल्लीला मी कळवतो. चूक माझी, म्हणून लिहितो. तू काळजी करू नको." म्हणजे हेही तेच करणार! माझं टिपण खोटं पडलं, तर ते खोटं पडल्याचं पत्रसुद्धा हिरव्या शाईत!

मी म्हटलं, "नाही सर. टिपण माझं आहे. ते मीच परत घेणार."

म्हटलं खरं, पण घेतलं कुठे? सहा आठवडे मी गप्प बसले, अक्का. हे तुलाही लपवलं. फळं विभागाच्या कोठीत होती, बिया कोणी मोजल्या नव्हत्या. मी बोलले नसते तर सर कधीच बोलले नसते. जानेवारीत प्रबंध, जूनमध्ये म्हैसूर. रोज सकाळी ठरवायचे आज पत्र लिहायचं, आणि रोज संध्याकाळी म्हैसूरच्या खोलीत पलंग कुठे ठेवायचा ते ठरवायचे. सारखी येरझारा घालत होते. अण्णा म्हणाले, फरशी झिजेल.

आणि त्या येरझारांत एक वाक्य पाठ सोडीना. तुझ्या भल्यासाठीच केलं गं. सरांच्या तोंडून ऐकलं तेव्हाच वाटलं, हे मी आधी ऐकलं आहे. मग आठवलं, ऐकलेलं नाही, बोललेलं आहे. तू खोलीचं दार आतून लावून घेतलं होतंस आणि मी बाहेरून हेच म्हणत होते.

जयसिंगरावांचं पत्र अण्णांच्या हाती मी दिलं. पहिल्या पत्रात कोण जाणे म्हणून लिहिलं, ते साफ खोटं. तुझ्या ट्रंकेत, पैठणीच्या घडीतून काढून नेऊन दिलं. तू फसशील, तुला कोणीतरी वाचवलं पाहिजे, आई नाही तर मीच, असं मला वाटलं होतं. आई गेल्यावर माझी वेणी घालणारी तू, आणि मी तुला वाचवायला निघाले होते. तुला विचारावं, हे माझ्या मनातही आलं नाही. मी तुझी पिशवी उघडली आणि परत तशीच गाठ मारून ठेवली, आणि चार वर्षं गप्प राहिले.

तुला हे आधीच ठाऊक असेल. नसेल तर आता झालं. मला माफ कर असं लिहायचं होतं, पण तेही मागणंच झालं. मला लाज वाटते, एवढंच लिहिते.

काल दिल्लीचं पत्र टपालात टाकलं. टिपण मागे घेत आहे, पिशव्यांत पराग गेला होता, फळांत बिया निघाल्या, निष्कर्ष चुकीचा. पराग कोणी लावला ते लिहिलं नाही. दोऱ्यांची पद्धत मी सहकाऱ्यांना न सांगता बदलली होती, हे मात्र लिहिलं, कारण तेही खरंच आहे. म्हैसूरलाही कळवलं. जागा गेली.

रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "बिंदू सांगत होता ते खरं का? एक वर्ष पुन्हा?" मी हो म्हटलं.

क्षमा


१० मे १९५९

अक्का,

यंदाचा बहर झाला. पहिल्या दिवशी मी सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, तांबडा म्हणजे पराग, पांढरा म्हणजे हात लावायचा नाही. त्यांनी कागदावर लिहून घेतलं आणि वाचून दाखवलं. मग मी म्हटलं, "आणि सर, तुम्ही बागेत यायचं नाही. मला ताप आला तरी नाही. मी मेले तरी नाही." ते म्हणाले, "असं अभद्र बोलू नये." मग म्हणाले, "सरी."

साठ तांबडे, साठ पांढरे. यंदा ताप आला नाही, पण धास्तीनं जीव अर्धा झाला. दर दोन दिवसांनी पहाटेची बस. पिशवीची गाठ कोणी सोडली का, हेच बघत फिरायचे. एका दुपारी मुनियप्पा हसत हसत म्हणाला, "अम्मा, तुमचे मेष्ट्रु गुरुवारी आले होते." तो म्हणाला, "आत नाही आले. फाटकाबाहेर चिंचेखाली बसले, छत्री उघडून. मी चहा नेऊन दिला. विचारलं, आत येता का? म्हणाले, मला परवानगी नाही. संध्याकाळच्या बसनं गेले."

पुढच्या गुरुवारीही आले, त्याच्या पुढच्याही. पंचवीस मैल बसनं यायचं आणि फाटकाबाहेर बसून परत जायचं! मला राग आला, हसू आलं आणि मग रडू आलं, सगळं मुनियप्पासमोर. मी त्यांना आत बोलावलं नाही. त्यांनीही कधी विषय काढला नाही. एका शुक्रवारी नाकाचा शेंडा उन्हानं सोलपटलेला घेऊन विभागात आले, तेवढंच. मी म्हटलं, "सर, टोपी घालत जा." त्यांनी मान डोलावली.

काल सगळ्या पिशव्या सोडल्या. तांबड्या साठांपैकी एकेचाळीस धरली आहेत. मग पांढऱ्यांकडे गेले. पहिली पिशवी सोडली, आत वाळका देठ. दुसरी, देठ. विसाव्या पिशवीनंतर मी मोठ्यानं मोजायला लागले. चाळीस. पन्नास. साठ. एकही नाही, अक्का! साठ पिशव्या आणि एकसुद्धा फळ नाही! गेल्या वर्षी एकोणतीस फळं बघून मी ओरडले होते, त्याच्या कितीतरी पट आनंद मला ते वाळके देठ बघून झाला. मांडीवर रिकाम्या पिशव्यांचा ढीग घेऊन मी खाली बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. कितीतरी महिन्यांत मी इतकी स्वस्थ बसले नव्हते.

म्हणजे दीड वर्षानं निघालं काय, तर देवनहळ्ळीच्या चकोताला परागाविना फळ धरत नाही. मुनियप्पा म्हणाला, हे तर माझ्या आजालाही ठाऊक होतं. अण्णा म्हणाले, "शून्यासाठी एवढी यातायात?" प्रबंध बारीक होईल आणि तो कोणी वाचणार नाही. सरांनी वही बघितली, शेवटपर्यंत. हिरव्या शाईची बाटली पुढे ओढली, झाकण उघडलं आणि मग परत लावलं. म्हणाले, "मला यात काही सुधारायचं नाही."

रात्री अण्णांनी विचारलं, "हे नागपूरला कळवणार असशील." मी घास हातात धरून बसले. त्यांना कधीपासून ठाऊक, कोणी सांगितलं, तू ओळखलं असशीलच. ते म्हणाले, "तिला तिखट फार लागायचं. नागपूरला सोय झाली असेल." मग उठून हात धुवायला गेले. त्यांचा निरोप म्हणून हे लिहीत नाही, त्यांनी तसं सांगितलेलं नाही. झालं ते लिहिलं.

तू का लिहिलं नाहीस, हे मी सकवारबाईंना विचारणार होते. चिकपेटेत त्या परवा समोरून आल्याही. तुझी खुशाली, मुलंबाळं, सगळं ओठावर आलं होतं. मी नमस्कार केला, त्यांची तब्येत विचारली आणि पुढे गेले. ते तुझं आहे. तुला सांगायचं तर तू सांगशील.

आतापर्यंतच्या प्रत्येक पत्रात मी तिकीट लावलेलं, पत्ता लिहिलेलं पाकीट घालत आले, कार्ड सोडून. तुझं उत्तरसुद्धा मीच निम्मं लिहून पाठवत होते म्हण ना. या पत्रात ते घातलेलं नाही. लिहावंसं वाटलं तर तुझ्याकडचं घे, आणि नाही वाटलं तर नको.

क्षमा